चारशे जोड्यांचा हिशेब

पावसाळी बंदी उठून जेमतेम आठवडा झाला होता. सात बंगल्याच्या मासळी बाजारात माझ्या नेहमीच्या मावशीपुढे बोंबलांचे वाटे मांडलेले होते, गुलाबीसर, लिबलिबीत, बर्फाच्या पाण्याने निथळणारे. मी एक वाटा मागितला तर तिने दोन पुढे सारले.

“दोन ने गो बाय. बोंबील बीपीला बरा. नातवानं मोबाइलवर दाखवलंय, कंप्युटरनं शोधून काढलंय म्हनं.”

माझ्या पर्समध्ये तेव्हा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप होती आणि डोक्यात तीस वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवल्याचा ताठा. तरी मी दोन वाटे घेतले. भाव करायचंही सुचलं नाही.

नातवाने दाखवलेला व्हिडिओ कोणता ते कळलं नाही, पण त्याचं मूळ कुठे असणार हे सांगता येतं. माशांच्या प्रथिनांची संगणकावर चाळणी करून आरोग्याला उपकारक तुकडे शोधायचे, अशा संशोधनाचा गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर सुकाळ आहे. लेखात ‘शक्यता दिसते’ असं असतं. बातमीत त्याचं ‘आशा पल्लवित’ होतं. व्हिडिओपर्यंत पोचेस्तोवर ‘औषध सापडलं’. मी या चाळणीच्या विरोधात नाही, उलट ती आणखी व्हावी असं मला वाटतं. पण चाळणीतून खाली पडलेलं पीठ म्हणजे भाकरी नव्हे. पिठालाच भाकरी म्हणून विकायची मुभा कुणाला असू नये, आणि सरकारी पैसा चाळणीपाशी संपत असेल तर तो चुकीच्या जागी संपतोय, असं माझं म्हणणं आहे.

आधी हे काम चालतं कसं ते पाहू. प्रथिनाला वीस मुळाक्षरं असतात. अमिनो आम्लं ही ती अक्षरं. माशाच्या स्नायूतलं मायोसिन घ्या. त्याची मोठी साखळी म्हणजे जवळजवळ दोन हजार अक्षरांचं एक सलग वाक्य, मध्ये कुठे जागा नाही की विराम नाही. पोटातली एंझाइम्स हे वाक्य ठरावीक अक्षरांपाशी तोडतात. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीननंतर कापतं, पेप्सिनच्या आवडीची अक्षरं वेगळी, कायमोट्रिप्सिनची आणखी वेगळी. तुटलेले तुकडे म्हणजे पेप्टाइड. यातल्या काही छोट्या तुकड्यांना असा गुण असतो, जो अख्ख्या प्रथिनात दिसत नाही. एखादा तुकडा रक्तवाहिन्या आवळणाऱ्या साखळीतल्या एसीई नावाच्या एंझाइमच्या खाचेत जाऊन बसतो, एखादा मधुमेहाशी संबंधित डीपीपी-४ अडवतो, एखादा जंतूच्या आवरणाला भोक पाडतो.

पूर्वी असा तुकडा शोधायचा म्हणजे मासा वाटायचा, एंझाइम घालून काही तास कोमट ठेवायचा, त्या काढ्यातून एकेक भाग वेगळा करायचा, प्रत्येकाची चाचणी घ्यायची आणि ज्यात गुण दिसेल त्याची अक्षरं मास स्पेक्ट्रोमीटरवर वाचायची. एका माशामागे एखाद्या विद्यार्थिनीची अख्खी पीएचडी सरायची. आता युनिप्रॉटसारख्या खुल्या कोशातून प्रथिनाची अक्षरं उतरवून घ्यायची, संगणकावरच्या कात्रीने कापायची आणि तुकडे पोलंडमधल्या ओल्श्तिनच्या विद्यापीठाने चालवलेल्या, गुणी तुकड्यांची नोंद ठेवणाऱ्या बायोपेप कोशाशी ताडून पाहायचे. चहा गार व्हायच्या आत यादी तयार. मासा लागत नाही, वास येत नाही, एप्रनही घालावा लागत नाही.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी अशीच यादी घेऊन घरी आला. माशाच्या कातडीतलं कोलॅजन त्याने कापून पाहिलं होतं. ते बोंबलाचं नव्हतं, दुसऱ्याच एका माशाचं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक माशांची अक्षरं कोशात नीट नोंदलेलीच नाहीत, त्यामुळे ज्याची मिळतील त्याच्यावर भागवावं लागतं. पोरगा खूश होता. “मॅडम, स्क्रोल करून बोट दुखलं, इतक्या हिट्स आहेत.” मी म्हटलं, छान. आता याच कात्रीने माणसाचं कोलॅजन काप.

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने माणसाच्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची अल्फा-१ साखळी उतरवून घेतली, १४६४ अक्षरांची, आणि बटण दाबलं. यादी तितकीच लांब. तेच तुकडे, तेच गुण. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मॅडम, तुम्हाला उकळून प्यायलं तरी बीपी उतरेल.”

यात जादू काही नाही, साधा हिशेब आहे. कोशात एसीई अडवणारे म्हणून नोंदलेले कितीतरी तुकडे दोन-तीन अक्षरांचेच आहेत. वीस अक्षरांतून दोन अक्षरी जोड्या होतात ४००, तीन अक्षरी तुकडे होतात ८०००. १४६४ अक्षरांच्या वाक्यात शेजारशेजारच्या जोड्याच १४६३. बऱ्यापैकी लांबीचं कुठलंही प्रथिन घ्या, चारशेतल्या पुष्कळशा जोड्या त्यात कुठे ना कुठे असणारच. कोलॅजनमध्ये तर लांबच लांब पट्ट्यात दर तिसरं अक्षर ग्लायसीन असतं, जोडीला प्रोलीनची रेलचेल, आणि ग्लायसीन-प्रोलीन ही जोडी कोशात गुणी म्हणून नोंदलेली आहे. मग हिट्सचा पाऊस पडेल नाहीतर काय? ‘वर्तमानपत्र’ या शब्दात अख्खं ‘मानपत्र’ लपलेलं आहे. म्हणून पेपरवाला रोज सकाळी आपला सत्कार करून जातो असं नाही.

तेव्हा ‘अमुक माशात इतके गुणी तुकडे सापडले’ हे वाक्य कानावर आलं की पहिला प्रश्न विचारायचा, कशाच्या तुलनेत? कोंबडीच्या पायात किती सापडले? तुरीच्या डाळीत किती? तुलनेचा तक्ता नसेल तर त्या आकड्यातून माशाबद्दल काहीच कळत नाही. कळलंच तर वीस अक्षरांच्या वर्णमालेबद्दल थोडंसं.

हे या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ते जोड्या मोजून थांबत नाहीत. आधी कात्री चालवल्यावर खरंच सुटे होणारे तुकडेच घेतात. मग प्रत्येकाच्या गुणकारी असण्याच्या शक्यतेला अंक देतात. तो विषारी असेल का हे तपासायला टॉक्सिनप्रेडसारखी साधनं आहेत, आणि हे साधन तर चंदीगडच्या इम्टेक संस्थेत जी. पी. एस. राघव यांच्या गटाने २०१३ मध्ये तयार केलेलं, जगभर वापरलं जाणारं आहे. शेवटी उरलेले तुकडे एसीईच्या खाचेत नीट बसतात का हे संगणकावर बसवून बघतात, याला डॉकिंग म्हणतात. माणसाच्या एसीईची त्रिमिती रचना २००३ मध्ये हाती आली, तेव्हापासून हे जमतं. प्रथिनाच्या घडीचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तेव्हा संगणकाला कमी लेखायचे दिवस गेले. हजारो तुकड्यांतून पाच-दहा निवडून देणं हे मोठंच काम आहे. आमच्या वेळी हे असतं तर माझी एक मैत्रीण संशोधन सोडून बँकेत गेली नसती.

अडचण त्या पाच-दहांच्या पुढे सुरू होते.

त्या दिवशी घरी आणलेल्या बोंबलांचं काय झालं ते सांगते. पोट साफ केलं, मधून चिरून उघडे केले, मीठ-हळद लावली आणि पाट्याखाली दाबून ठेवले. ताज्या बोंबलात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते असं काढल्याशिवाय तव्यावर कुरकुरीत व्हायचं नाही. अर्ध्या तासाने पाटा उचलला तर खाली वाटीभर गढूळ पाणी. त्या पाण्यात माशाची विरघळणारी प्रथिनं होती, आणि मी ते नेहमीप्रमाणे मोरीत ओतलं. मग रवा-तांदळाचं पीठ लावून मोठ्या आचेवर तळले. संगणकाच्या हिशेबात पाटा नसतो, मोरी नसते, तवा नसतो. लावलेलं मीठही नसतं, जे रक्तदाबाच्या बाबतीत कुठल्याही पेप्टाइडपेक्षा भरवशाने आपलं काम करतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. पावसाळ्यात वरणभाताबरोबर खारा बांगडा भाजून खाणाऱ्या घरात तो आकडा कुठल्या कुठे जातो. माझ्याही घरात जातो.

पुढे पोट. संगणकाची कात्री जिथे सांगाल तिथे कापते. खऱ्या पोटात प्रथिन घडी घालून बसलेलं असतं, तेल आणि पीठ मध्ये येतं, अन्न फार वेळ थांबत नाही. निम्मे कट होतात, निम्मे राहतात. आतड्याच्या भिंतीवर आणखी एंझाइम्स दबा धरून असतात, ती आलेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतात. भिंत ओलांडून जाणाऱ्यांत भरणा असतो तो दोन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा. रक्तात शिरल्यावर तिथलीही कात्री आहेच. एवढं सगळं होऊन जे एसीईपर्यंत पोचेल, त्याचा जोर औषधाच्या तुलनेत शेकडो ते हजारो पटींनी कमी असतो. ‘खाचेत छान बसतो’ हे वाक्य खरंच असतं, फक्त खाचेपर्यंत फारसं कुणी पोचत नाही.

औषधांच्या इतिहासात याचं ठळक उदाहरण आहे, आणि तेही नेमकं रक्तदाबाचं. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात, रक्तदाब उतरवणाऱ्या ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच रेणूचा जोर वाढवणारं काहीतरी आहे हे सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं. त्या विषाच्या अभ्यासातून नऊ अक्षरांचा टेप्रोटाइड नावाचा तुकडा हाती आला. तो एसीई झकास अडवायचा, माणसांचा रक्तदाब खरोखर उतरवायचा, पण फक्त इंजेक्शनने. तोंडावाटे दिला की फुकट. मग स्क्विब कंपनीतल्या कशमन आणि ओन्डेटी यांनी त्याच्या टोकाच्या प्रोलीनचा धडा तेवढा घेतला आणि एक छोटासा वेगळाच रेणू बांधला. तो कॅप्टोप्रिल; अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. म्हणजे पेप्टाइडवरून औषध मिळालं ते पेप्टाइड सोडून दिल्यावर, आणि त्याला सोळा वर्षं लागली.

माशांनीही औषधं दिलीत, त्यांचं श्रेय कशाला नाकारा. मुंबईत बायपास होते तेव्हा रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शस्त्रक्रिया संपत आली की त्याचा असर उतरवायला प्रोटामिन. हे प्रोटामिन मुळात साल्मन माशाच्या नराच्या वीर्यातलं. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना साल्मनचं कॅल्सिटोनिन देत, ३२ अक्षरांचं. ते इंजेक्शनने किंवा नाकात फवारून, आणि दीर्घकाळ वापरात कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसल्यावर २०१२ मध्ये युरोपने त्याला आवर घातला. हा धोका माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसला. कुठल्याच चाळणीत तो आधी दिसला नव्हता.

“पण जपानने करून दाखवलं ना?” हा प्रश्न येतोच, आणि रास्त आहे. जपानी लोक कात्सुओबुशी म्हणून बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवतात आणि किसून सूपमध्ये घालतात. तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून पाच अक्षरी तुकडा काढला: ल्युसीन, लायसीन, प्रोलीन, अस्पराजीन, मेथिओनीन. गंमत अशी की तो एसीईपाशी गेला की एसीईच त्याची शेवटची दोन अक्षरं तोडतं, आणि उरलेलं त्रिकूट आधीपेक्षा जोरकस निघतं. शत्रूच्या हातानेच तलवारीला धार. पण हा तुकडा सुटा केला तो थर्मोलायसिन नावाच्या, जिवाणूपासून मिळणाऱ्या एंझाइमने, आपल्या पोटात ते नसतं. त्यामुळे नुसता मासा चघळून तो मिळेलच असं नाही. तिथल्या लोकांनी उंदरांवर पाहिलं, मग थोडा रक्तदाब वाढलेल्या माणसांवर पाहिलं, आणि मग १९९१ पासून चालू असलेल्या जपानच्या विशेष आरोग्यखाद्यांच्या योजनेखाली ते उत्पादन बाजारात आलं. एवढं करूनही बोनिटो पेप्टाइडचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे गेला, तेव्हा कार्यकारण सिद्ध होत नाही असं म्हणून त्यांनी तो मान्य केला नाही. मला यात जपान चूक की युरोप चूक यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. वाद घालण्याजोगे कागद तरी दोघांपुढे होते.

आपल्याकडे कागद कमी आणि डबे जास्त. अंधेरीतल्या कुठल्याही मोठ्या केमिस्टकडे जा, मरीन कोलॅजनचे निळे डबे ओळीने उभे असतात, चार आकडी किमतीचे, वर लाट काढलेली. मागची बारीक अक्षरं वाचायला मला चष्मा कपाळावर सारावा लागतो. तिथे सांधे, त्वचा, केस यांच्याबद्दल अशी गुळमुळीत वाक्यं असतात की कुणी पकडू नये आणि कुणी सोडूनही देऊ नये. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम सांगतात की आरोग्याच्या दाव्याला शास्त्रीय आधार हवा. चांगला नियम आहे. फक्त त्यात आधार म्हणजे काय हे आणखी एका ओळीत स्पष्ट लिहा: संगणकावरची चाळणी, मग ती कितीही सुबक असो, दाव्याचा आधार धरली जाणार नाही. माणसांवरची चाचणी दाखवा आणि मग ‘रक्तदाब’ हा शब्द डब्यावर छापा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आहे. एवढं गिऱ्हाईक दाराशी उभं असताना डबेवाल्यांनी आपणहून संयम पाळावा ही अपेक्षा म्हणजे मांजराला दुधाची राखण.

आता पैशाचं. माझे तरुण सहकारी मला सुनावतात की तुम्हाला बोलायला काय जातं, प्रयोगशाळेला पैसे कुठे आहेत? संगणकाला वीज तेवढी लागते, निदान मुलांचं काम तरी होतं. खरं आहे. एका लॅपटॉपवर तीन मुलं तीन लेख लिहू शकतात, आणि एका मास स्पेक्ट्रोमीटरपुढे तीस मुलं रांगेत उभी असतात. पण म्हणूनच अनुदान देणाऱ्याने रांगेकडे बघायला हवं. यादी करायला पैसे लागत नाहीत, तर तिथे पैसे देऊच नयेत. यादीतले पहिले पाच तुकडे घेऊन खऱ्या पचनाच्या परीक्षेला बसवायला द्यावेत. ही परीक्षा काही आभाळातली नाही. लाळ, जठर, आतडं या तिन्हीची नक्कल काचेच्या भांड्यात कशी करायची याची इन्फोजेस्ट नावाची सर्वमान्य पद्धत २०१४ मध्ये ठरली, २०१९ मध्ये सुधारली गेली. पाचापैकी चार तुकडे त्यात गळतील. गळू देत, तेही छापा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातली मुलगी तेच चार घेऊन बसणार नाही.

आणि माणसांवरच्या चाचणीला मुंबई काही परकी नाही. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास केला तो नुसत्या परीक्षानळीत नव्हे. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेसाठी दाखल रुग्णांपर्यंत त्यांनी तो नेला. महापालिकेचं रुग्णालय, खाटांना खाटा लागलेल्या, तिथे हे झालं. गुळवेलीला जो न्याय मिळाला तो बोंबलाला मिळायला हरकत नसावी. वर्सोव्यात तर केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, सीआयएफई, कोळीवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. ती १९६१ पासून आहे. मासा, तो पकडणारे, तो शिकवणारे आणि तो खाणारे रुग्ण असे सगळे एका लोकलच्या पासात येणारं दुसरं शहर मला तरी माहीत नाही.

कच्च्या मालाचाही विचार करावा लागेल, कारण पेप्टाइडचा कारखाना यादीवर चालत नाही, टनावारी मासा खातो. ससून डॉकवर पहाटे गेलात तर कोळंबी सोलणाऱ्या बायका गोल करून बसलेल्या दिसतात, किलोवर मजुरी. त्यांच्या पायाशी डोकी आणि सालींचे ढिगारे. सुरिमीच्या कारखान्यात राणी माशाचा खिमा पुन्हा पुन्हा धुतात, विरघळणारी प्रथिनं त्या पाण्याबरोबर निघून जातात. माझ्या मोरीत गेली तशीच, फक्त टाकीच्या मापाने. कातडी, खवले, काटे, डोकी, धुवणाचं पाणी यातून कुणी उपयोगाचं काही काढणार असेल तर मी टाळ्या वाजवीन. पण बारीकसारीक मासळीचा जो कुटा आज फिशमीलकडे जातो, त्याच्या वाटेने उद्या अख्खा बोंबील, मांदेली, जवळा जायला लागला, तर ज्याला पापलेट परवडत नाही त्याच्या ताटातलं स्वस्त प्रथिन उचलून ज्याला सगळंच परवडतं त्याच्या डब्यात घातल्यासारखं होईल. अनुदानाच्या अटींत ‘फक्त टाकाऊ भाग’ हे तीन शब्द आत्ताच घालून ठेवावेत. नंतर घालायला गेलं की कारखाने उभे राहिलेले असतात.

एक बाजू अजून उरते आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. पूर्वी माशातला गुण शोधायला निदान मासा विकत घ्यावा लागे, कुणा कोळ्याच्या हातात चार पैसे पडत. आता अक्षरं पुरतात. कोचीच्या सीएमएफआरआय या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०२३ मध्ये तारलीचा अख्खा जनुकसंच उलगडला, अभिमानाची गोष्ट आहे. तसा बोंबलाचाही खुल्या कोशात असला की कुठल्याही देशातली कंपनी तो उतरवून घेईल. खुलं असावंच, त्याशिवाय माझ्या विद्यार्थ्यालाही मिळालं नसतं. मग वाटा कसा द्यायचा? कोलंबियातल्या काली शहरात २०२४ च्या जैवविविधता परिषदेत यावर खल झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये काली निधी सुरू झाला. जनुकीय अक्षरांवर कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात टाकावा, निदान निम्मा पैसा आदिवासी आणि स्थानिक समाजांकडे जावा. टाकावा, म्हणजे वाटलं तर. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या केल्या आहेत. इंग्रजीत त्यांचंही लघुरूप बीएमसी, त्यामुळे मुंबईत हा विषय काढला की समोरचा आधी खड्ड्यांबद्दल बोलायला लागतो.

कोळ्याने बोंबलाची अक्षरं लिहिली नाहीत हे मला मान्य आहे, समुद्रावर कुणाची मालकी नाही हेही मान्य. पण माशाच्या नावावर आरोग्य विकून जो पैसा उभा राहील, त्यातला काही मासळी वाळवायच्या वलांडीवर यायला काय हरकत आहे? मढ, गोराई, उत्तनला बांबूंच्या वलांड्यांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेल्या असतात. अवकाळी सर आली की माल काळा पडतो, आणि मग तो जातो खताला. काळ्या पडलेल्या बोंबलात कुठले तुकडे उरतात याचं सॉफ्टवेअर अजून तरी कुणी केलेलं नाही. त्या वलांडीवर एक धड छप्पर आलं, खाली स्वच्छ फरशी आली, तर मुंबईकराच्या पोटात जाणाऱ्या प्रथिनाचं जे भलं होईल ते मोजायला डॉकिंग लागणार नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा लेख एकदा परत आलाय. परीक्षकाने विचारलं होतं, माशावरच्या लेखात माणसाच्या कोलॅजनचा तक्ता कशाला? तो काढलात तर विचार करू, असा एकूण सूर. तो मला विचारायला आला. तक्ता काढला असता तरी मी त्याला बोल लावला नसता. नोकरीच्या अर्जात लेख किती ते मोजतात, तक्ते मोजत नाहीत. त्याने ठेवला. आता त्याला खरी कात्री चालवून बघायची आहे. पेप्सिन आणि पॅनक्रिएटिनची मागणी त्याने दोन महिन्यांपूर्वी दिली, ती अडकलीय, कारण मंजूर झालेल्या अनुदानात संगणकाचं खातं आहे, रसायनांचं नाही. बोंबलांची डोकी मात्र मिळाली. मावशीने पिशवीभर फुकट दिली, वर बर्फ घातला आणि मला विचारलं, “मांजरं पाळलीस काय गो?”